जुन्या रोमँटिक कॉमेडीतली करिअरवाली हिरोइन शेवटी हरतेच का?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: जुन्या हॉलिवूड रोमँटिक कॉमेडीत हिरोइन दीड तास पत्रकार, वकील, जाहिरातवाली अशी दणदणीत दाखवतात, ती पुरुषांना तोंडावर उत्तरं देते, स्वतःच्या घराचं भाडं स्वतः भरते, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तिला निमूट लग्नाला उभी करतात, मग हे सिनेमे काळाच्या पुढचे वगैरे कसले, ही तर गोड बोलून केलेली फसवणूकच झाली ना?

अर्धं उत्तर हो असंच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी जरा बसून बोलावं लागेल, कारण मी गेली बावीस वर्षं मालिका लिहितेय, अधूनमधून पटकथेच्या वर्कशॉपात शिकवते, आणि नोकरी करणारी हिरोइन कागदावर कशी जन्मते आणि मग कशी हळूहळू मरते हे मी आतून बघितलंय, कधीकधी तर ते पाप माझ्याच हातून झालंय.

आधी एक, शेवटी लग्न झालं म्हणून रागावू नका. रोमँटिक कॉमेडीत लग्न होणारच, खुनाच्या गोष्टीत शेवटी खुनी सापडतो तसं, ते तिकिटातच आलं. आणि लग्न हिरोचंही होतं, त्याला कोणी हरला म्हणत नाही. मी पोरांना वेगळं काहीतरी बघायला सांगते. हिचं काम पडद्यावर दिसतं का, की नुसतं तोंडी सांगितलंय? म्हणजे कोणीतरी पार्टीत म्हणतं "ही मोठी वकील बरं का" आणि मग बाई पूर्ण सिनेमाभर फक्त गाऊन बदलते, की ती खरंच कोर्टात उभी राहून समोरच्याला घाम फोडते? आणि दुसरं म्हणजे, शेवटी जी गाठ सुटते ती तिला येत असलेल्या कामामुळे सुटते, की ते काम आधी तिच्या हातातून काढून घेतात आणि मग बाकीचे मिळून गाठ सोडवतात? खरी मेख इथे आहे.

आता हिज गर्ल फ्रायडे घ्या, १९४० चा, हॉवर्ड हॉक्सचा. मूळ गोष्ट द फ्रंट पेज नावाचं १९२८ चं ब्रॉडवेवरचं नाटक, बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांचं, त्यात हिल्डी जॉन्सन हा पुरुष होता, नोकरी सोडून लग्न करायला निघालेला रिपोर्टर आणि त्याला न सोडणारा संपादक वॉल्टर बर्न्स. हॉक्सने हिल्डीची बाई केली आणि वरून तिला वॉल्टरची घटस्फोटित बायको केलं. गंमत बघा, पुरुषासाठी लिहिलेलं काम तसंच्या तसं बाईच्या अंगावर चढवलं, त्यामुळे "बाई असून रिपोर्टर" असला दिलगिरीचा सूर पटकथेत शिरायला जागाच राहिली नाही. तिला काम येतं हे गृहीत आहे. सुरुवातीलाच ती ऑफिसात शिरते, कॅमेरा तिच्याबरोबर टेबलांमधून चालत जातो, प्रत्येकजण तिला ओळखतो, आणि तिचा होणारा नवरा ब्रूस, आल्बनीचा विमा विकणारा सभ्य माणूस, तो फाटकाबाहेर थांबलेला असतो. एका शॉटमध्ये सांगून टाकलं की ही कुठल्या घरची आहे.

मग ती तुरुंगात जाऊन फाशी होणार असलेल्या माणसाची मुलाखत घेते, आणि तो सीन नीट बघा, आवाज एकदम खाली येतो, भराभर बोलणारी ही बाई अचानक हळू, शांत, त्या माणसाला वाक्य सापडेपर्यंत वाट बघणारी होते. हे कौशल्य आहे हो, आणि ते आपल्याला दिसतं, कोणी सांगत नाही. नंतर प्रेस रूममधले बाकीचे रिपोर्टर, सगळे पुरुष, तिच्या टाइपरायटरवरचा कागद वाचतात आणि कबूल करतात की हिच्यासारखं लिहिणारं कोणी नाही. कैदी पळतो तेव्हा तर ही टाचेचे बूट घालून तुरुंगाच्या जमादारामागे पळते आणि रस्त्यात त्याच्या पायांवर झेप घेऊन त्याला पाडते, खो-खोत पोरी मारतात तशी, आणि बातमीसाठी त्याला ४५० डॉलर देते, आणि ते पैसे तिच्या आणि ब्रूसच्या पुढच्या संसाराचे!

पण माझा आवडता सीन टायपिंगचा. कैदी त्याच खोलीतल्या बंद टेबलात लपलेला आहे, वॉल्टर ओरडतोय, ब्रूस समोर उभा राहून सांगतोय की मी नऊच्या गाडीने चाललो, तू येणार की नाही, आणि ही टाइप करतेय, हो हो म्हणतेय, आणि तिला खरंच ऐकू येत नाहीये. त्या क्षणी तिने ब्रूसला नाकारलेलं नाही, तिला तो दिसतच नाहीये. ज्यांनी कधी डेडलाइनखाली काम केलंय त्यांना हे कळेल. नवरा चहा घेऊन येऊन उभा राहून परत गेला आणि चहा गार झाला हे आमच्याकडेही झालंय.

मग शेवट? शेवट वाईटच आहे, मी नाही म्हणत नाही. ती रडते, वॉल्टर परत लग्नाचं कबूल करतो, हनिमूनला नायगराऐवजी आल्बनीचा संप कव्हर करायला निघतात, आणि जड बॅग ती उचलतेय, वॉल्टर पुढे चाललाय. ते रडणं खटकतं, आधीच्या हिल्डीशी जुळत नाही. पण ब्रूसकडे जाऊन सासूबरोबर राहून ती मेली असती, इथे निदान टाइपरायटर तिच्याकडे राहिला. नवरा नालायक पण नोकरी शाबूत! १९४० साली ही निवड किती खरी होती ते समजायला एक गोष्ट माहीत हवी, मंदीच्या काळात अमेरिकेत विवाहित बायकांनी नोकऱ्या अडवून ठेवल्यात असा ओरडा होता, १९३२ च्या एका कायद्यात कलमच होतं की नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर कपात करताना त्यांच्यातल्या एकाला आधी काढा, आणि प्रत्यक्षात घरी बसली ती बहुतेक बायकोच. ते कलम १९३७ ला रद्द झालं. म्हणजे लग्न की नोकरी हा पटकथाकाराने विनोदासाठी काढलेला पेच नव्हता, थिएटरात बसलेल्या कित्येक बायकांचा तो चालू प्रश्न होता.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण, वुमन ऑफ द इयर, १९४२. कॅथरीन हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसीची जोडी इथून सुरू झाली. टेस हार्डिंग ही आंतरराष्ट्रीय राजकारणावर लिहिणारी स्तंभलेखिका, चार-पाच भाषा बोलणारी, फोनवर मंत्र्यासंत्र्यांशी बोलणारी, आणि सॅम त्याच पेपरात खेळांवर लिहिणारा. पहिला तासभर सिनेमा झकास आहे. तो तिला बेसबॉलच्या मॅचला नेतो, तिला काही कळत नाही आणि तो समजावतो, तिथे दोघांचं बरोबरीचं काहीतरी जमत जातं. मग हळूहळू सिनेमा तिच्यावर आरोपपत्र दाखल करायला लागतो. ती एक निर्वासित मुलगा दत्तक घेते आणि त्याला घरी एकटा सोडून पुरस्कार घ्यायला जाते. बघा ना, पुरस्काराचं नाव काय तर वर्षातली सर्वोत्तम बाई, आणि त्याच रात्री दाखवायचं की ही बाई म्हणून नापास. लेखक म्हणून सांगते, मूल हे या कामातलं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे, कुठल्याही बाईला दोन मिनिटांत खलनायिका करायची तर तिच्या घरात एक दुर्लक्षित मूल ठेवा, बाकी काही करावं लागत नाही.

आणि मग तो कुप्रसिद्ध शेवट. टेस पहाटे नवऱ्याच्या, म्हणजे सॅमच्या, घरी येते आणि त्याच्यासाठी नाश्ता करायला जाते, वॉफलचं पीठ फुगून साच्याबाहेर ओघळतंय, कॉफी उतू जातेय, टोस्टर नीट चालत नाही, आणि सॅम उभा राहून बघतोय. सीन हसवतो, हेपबर्नचं टायमिंग जबरदस्त आहे, पण काय चाललंय ते बघा, जिला जगातलं सगळं येतं तिच्याकडून तिला न येणारी एकच गोष्ट करून घेतलीये आणि प्रेक्षकांना हसायला बोलावलंय. हा मूळ शेवट नव्हता. रिंग लार्डनर ज्युनियर आणि मायकेल कॅनिन यांनी लिहिलेला शेवट वेगळा होता, तो शूटही झाला होता, पण आधी दाखवून बघितल्यावर स्टुडिओला वाटलं की हिला जरा जमिनीवर आणायला पाहिजे, मग दुसऱ्या लेखकाकडून हा स्वयंपाकघराचा सीन लिहून घेतला. हेपबर्नला तो अजिबात पटला नव्हता, आणि ही पटकथा एमजीएमकडे तिनेच नेलेली, लेखकांची नावं लपवून स्वतः घासाघीस करून तिने ती विकली होती! म्हणजे पडद्यामागे धंद्याची गणितं जमवणारी बाई आणि पडद्यावर तिला टोस्टर जमत नाही. वरून पटकथेचं ऑस्करही मिळालं, लार्डनर आणि कॅनिनला.

मला हा किस्सा वाचला तेव्हा हसू आलं आणि पोटात गोळाही आला, कारण माझ्या एका मालिकेत हिरोइन सीए होती. पहिले तीन आठवडे ऑडिट, क्लायंट, आकड्यांत सापडलेली चोरी, मी मस्त लिहिलं होतं, माझ्या मावसभावाला बसवून सगळं समजून घेतलं होतं. चौथ्या आठवड्यात चॅनेलकडून निरोप, "मॅडम, ती जरा घरात दिसू दे." मग ऑफिसचा सेट भाड्याने होता तो गेला. मग काम संवादात उरलं, "आज खूप दमले ऑफिसात". मग तेही गेलं, आणि शंभराव्या भागापर्यंत ती सीए आहे हे मला आणि विकिपीडियालाच माहीत होतं. चकलीचं पीठ बिघडण्याचा एपिसोड मीच लिहिलाय. तो चांगला चालला. म्हणून मी कोणाला फार शहाणपण शिकवत नाही, पण जोड कुठे मारलाय ते मला लगेच दिसतं, पॅन्टला दुसऱ्या कापडाचं ठिगळ लावल्यावर दिसतं तसं. वुमन ऑफ द इयर बघताना शेवटचं रीळ वेगळ्याच हाताने लिहिलंय हे कोणी न सांगताही जाणवतं, तिथपर्यंत टेसची बोलण्याची जी लय आहे ती गायब होते, सीन जवळजवळ मूकपटाचा होतो. बाईची भाषा काढून घेतली की तिचं अर्धं काम तिथेच काढून घेतलं.

काही लोक म्हणतात की हे सगळं सेन्सॉरमुळे झालं, १९३४ च्या मध्यापासून प्रोडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याची हॉलिवूडची नियमावली, कडक लागू झाला आणि त्याआधीच्या बायका कशा मोकळ्या होत्या. थोडं खरं आहे. कोड आल्यावर लग्नाबाहेरचं शरीर पडद्यावरून गेलं, मग दोघांमधली सगळी आग बोलण्यात आणि भांडणात आणावी लागली, आणि भांडायला विषय हवा तर नोकरी उत्तम. उलट कोडचा हिल्डीसारख्यांना फायदाच झाला म्हणायचं. आणि कोडच्या आधीचं सगळंच काही आपण समजतो तसं नाही. १९३३ चा फीमेल नावाचा तासाभराचा सिनेमा आहे, रूथ चॅटरटन त्यात मोटार कंपनीची मालकीण, संध्याकाळी आवडलेल्या कर्मचाऱ्याला घरी जेवायला बोलावते आणि सकाळी ओळख दाखवत नाही, तो फारच गळ्यात पडायला लागला तर त्याची परगावी बदली. पन्नास मिनिटं तुम्ही म्हणाल काय बाई आहे! आणि शेवटी ती बोर्ड मीटिंगमध्ये कोसळते, हिरोमागे गाडी पळवते, आणि कंपनी त्याच्या हवाली करून म्हणते मला आता नऊ मुलं हवीत. नऊ! मोकळीक वेगळी आणि टेबल वेगळं. फीमेलमध्ये बाईला मोकळीक भरपूर आहे, पण शेवटी टेबल नवऱ्याचं.

अॅडम्स रिब, १९४९, हा यातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो मला. लिहिला रूथ गॉर्डन आणि गार्सन कॅनिन या खऱ्या नवरा-बायकोने, दिग्दर्शन जॉर्ज क्यूकर. अमांडा आणि अॅडम दोघं वकील, एका बाईने बाहेरख्याली नवऱ्यावर गोळी झाडलीये, अॅडम सरकारी वकील आणि अमांडा मुद्दाम आरोपी बाईचा खटला घेते, म्हणणं एवढंच की पुरुषाने हे केलं असतं तर तुम्ही त्याला जो न्याय लावला असता तोच हिला लावा. ती भर कोर्टात एका सर्कसवाल्या बाईकडून स्वतःच्या नवऱ्याला उचलून दाखवते. आणि ती केस जिंकते! सिनेमा तिला हरवत नाही. मग अॅडम घरच्या आघाडीवर परतफेड करतो, हातात पिस्तूल घेऊन येतो, ती घाबरून ओरडते की असा हक्क कोणालाच नाही, आणि तो ते पिस्तूल खाऊन टाकतो, गोळीचं असतं ते, म्हणजे खायच्या गोळीचं. तिच्याच तोंडून त्याचा मुद्दा काढला. नंतर डोळ्यांत पाणी आणून तिला परत मिळवतो आणि मग सांगतो की ते रडणं खोटं होतं, पुरुषांनाही येतं. आता हा कोणाचा विजय म्हणायचा यावर आमच्या वर्कशॉपात दरवर्षी भांडण होतं, पण शेवटी तो रिपब्लिकनांकडून न्यायाधीशपदाला उभा राहणार म्हटल्यावर ती सहज विचारते की डेमोक्रॅट्सचा उमेदवार ठरला का. कोणी कोणाला लाइनवर आणलेलं नाही.

डॉरिस डेच्या सिनेमांवर मी फार वेळ घालवणार नाही, पण पिलो टॉक (१९५९) बद्दल लोक अन्याय करतात. त्यात ती इंटिरियर डेकोरेटर आहे आणि हिरोने नाव बदलून तिला फसवल्यावर ती त्याचं घर सजवायचं काम घेते आणि ते इतकं भयाण सजवते की बघवत नाही, मुद्दाम, व्यावसायिक सफाईने. सूड कामातून! तो मग तिला झोपेतून उचलून रस्त्यातून घेऊन जातो ते आज बघवत नाही, पण तो भिंतींचा रंग आठवा. याच्या उलट लव्हर कम बॅक (१९६१), जाहिरात कंपनीतली कष्टाळू, सरळ बाई, आणि समोरचा दारू पाजून क्लायंट पटवणारा, सिनेमा मान्य करतो की ती बरोबर आहे आणि तरी तिला दिवस घालवून दवाखान्याच्या स्ट्रेचरवर लग्न लावून सोडतो. तिला येत असलेल्या कामाचा शेवटाशी काडीचा संबंध नाही.

आता एकाच घरातल्या दोन पिढ्यांची गोष्ट सांगते. १९५७ चा डेस्क सेट, परत हेपबर्न आणि ट्रेसी. ती एका टीव्ही कंपनीच्या संदर्भ विभागाची प्रमुख, बनी वॉटसन, जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तिच्या डोक्यात, आणि तो एमरॅक नावाचा कॉम्प्युटर बसवायला आलेला, बायकांना वाटतं नोकऱ्या गेल्या. मशीनला कॉर्फू बेटाबद्दल विचारलं तर ते नावात घोटाळा करून कर्फ्यूवरची कविता ओकत बसतं आणि बनी तोंडी उत्तर देते. शेवटी बायकांच्या नोकऱ्या राहतात, मशीनच्या मदतीने आणखी कामं वाढतात, आणि मागणी घातली जाते तीही बनीच्या ऑफिसात, त्याच मशीनला प्रश्न विचारून. आणि बनीचा आधीचा मित्र आहे ना, तो तिच्याकडून रिपोर्ट सुधारून घेऊन प्रमोशन मारतो, ते बघताना आमच्या वर्कशॉपातल्या नोकरी करणाऱ्या मुली जोरात हसतात, एकमेकींकडे बघून. हे लिहिलं फीबी आणि हेन्री एफ्रन या जोडप्याने, आणि त्यांची मुलगी नोरा एफ्रन. तिचा १९९८ चा यूव्ह गॉट मेल सगळ्यांनी बघितलाय. त्यात हिरोइनचं आईने उघडलेलं छोटं पुस्तकाचं दुकान हिरोच्या मोठ्या दुकानामुळे बंद पडतं आणि ती त्याच्याच गळ्यात पडते, आणि लोक याला जगातला सगळ्यात गोड सिनेमा म्हणतात. मलाही रडू येतं, खोटं कशाला बोलू. पण आई-बापांनी १९५७ ला वाचवलेलं टेबल मुलीच्या सिनेमात ४१ वर्षांनी गेलं, तेव्हा काळ पुढे सरकला की सगळं आपोआप सुधारतं असं समजू नका.

वर्किंग गर्ल (१९८८) मध्ये अडचण वेगळी. स्टेटन आयलंडहून फेरीने येणारी सेक्रेटरी टेस, तिची आयडिया बॉसने चोरली, आणि बॉस कोण तर दुसरी बाई, म्हणजे एका बाईची महत्त्वाकांक्षा गोड ठरवायची तर दुसरीची विषारी करावी लागली. पण गाठ सुटते ती टेसने पेपरातली एक बारकी बातमी वाचून जोडलेल्या हिशोबामुळेच, तिथे पटकथा पक्की आहे. आणि नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी हॅरिसन फोर्ड तिला डबा भरून देतो, लहान पोराला शाळेत पाठवताना देतात तसा. वुमन ऑफ द इयरनंतर ४६ वर्षांनी स्वयंपाकघरात माणूस बदलला! मग ती नव्या केबिनमधून मैत्रिणीला फोन करते आणि कॅमेरा खिडकीबाहेर मागे मागे जातो, तर तसल्या शेकडो खिडक्या. ती जिंकली की फक्त एका खोक्यात जाऊन बसली, दिग्दर्शक माइक निकोल्सने ते तुमच्यावर सोडलंय.

कुठून सुरू करू विचाराल तर हिल्डीपासूनच करा, दीड तासाचा आहे, सबटायटल लावून बघा कारण ते एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकतात आणि इंग्रजी चांगलं असलं तरी अर्धे विनोद निसटतात. दुसऱ्यांदा बघताना टायपिंगचा सीन आला की फक्त तिच्याकडे बघा. मागे ब्रूस गाडीची वेळ सांगतोय, ते तुम्हालाही ऐकू येणार नाही.